कुरवाच्या पोटातलं

मु. नवे बोरखार, पो. वरणगाव
१९ डिसेंबर १९८९

झुलाल,

रामराम. तुझ्या पत्राला दोन महिने उत्तर दिलं नाही म्हणून तू मला शिव्या देत असशील. दे. धुळ्याच्या गल्ली नंबर पाचमध्ये बसून पेन्शन खाणाऱ्या माणसाला दुसरं काम तरी काय? मला मात्र सध्या श्वास घ्यायला वेळ नाही. त्याचं कारण पांढरं आहे, त्याला पंख आहेत आणि त्याची चोच लाल आहे.

दिवाळीनंतर आमच्या धरणाच्या पाण्यावर काही पाखरं उतरली. पहिल्या दिवशी पाच-सहा होती, आता चाळीसच्या वर आहेत. कबुतराहून मोठी, बगळ्याहून बुटकी. पाठ राखाडी, पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात एक पांढरा ठिपका. पाय लाल. डोळ्यामागं कोणी शाईचं बोट लावल्यासारखा डाग. पाण्यावर बदकासारखी बसतात, वर उठली की घारीसारखी तरंगतात, आणि भांडतात आपल्या हॉस्टेलमधल्या पंगतीसारखी. एकाच्या तोंडातला घास दुसरा ओढतो आणि तिसरा घेऊन पळतो.

गावात कोणी हे पाखरू ओळखत नाही. ओळखणार कसं? गाव उठून इथं वसलं त्याला सात वर्षं झाली, धरणाचं पाणीही तेवढंच जुनं. म्हाताऱ्यांच्या आठवणीत इथं कापूस आहे, पाणी नाही. मग प्रत्येकानं आपापल्या परीनं नाव ठेवलं. वरणगावचे किराणावाले रतनलालजी म्हणतात, हे हंस आहेत, मानसरोवराहून आले. माणूस धार्मिक आहे, जीवदयेचा पक्का. रोज सकाळी स्कूटरवरून येतात, काठावर उभे राहतात आणि शेवेची पुडी उघडतात. पाखरं हवेतल्या हवेत शेव झेलतात. रतनलालजींचे डोळे भरून येतात. मला म्हणाले, मास्तरजी, बघा, पक्का शाकाहारी जीव आहे.

दुसरीकडे काही लोक यांना चोर म्हणतात. झुलाल, मला याची चीड आहे. नवा माणूस दिसला की आपला पहिला प्रश्न हाच, हा काय न्यायला आला? धरणानं उठवलेली आमची माणसं जिथं गेली तिथं त्यांनी हाच प्रश्न ऐकला आहे. तीच माणसं आज काठावर उभं राहून पाखरांना तो प्रश्न विचारतात. मी चाळीस वर्षं शाळेत आणि सभांत गळा कशासाठी फोडला?

असो. तू तीस वर्षं मुंबई बंदरात गाळ उपसणाऱ्या बोटीवर काढलीस. कधीतरी लाल चोचीच्या पांढऱ्या पाखरांविषयी बोलला होतास असं आठवतं. तेव्हा तीन प्रश्नांची उत्तरं पाठव. हे पाखरू कोणतं? राहतं कुठं? खातं काय? तिसऱ्याचं उत्तर जरा ठसठशीत अक्षरात लिही, की हे मासे खात नाही. ही निव्वळ जिज्ञासा आहे, दुसरं काही समजू नकोस.

तुझा
सुकदेव


गल्ली नं. ५, धुळे
२६ डिसेंबर १९८९

सुकदेव मास्तर,

तुझ्या वर्णनाबद्दल शंभरपैकी नव्वद. दहा कापले, कारण हॉस्टेलमधल्या पंगतीत घास ओढणारा तू होतास आणि घेऊन पळणारा मी.

हा कुरव आहे. तपकिरी डोक्याचा कुरव म्हणतात त्याला. तुझ्या पाखरांचं डोकं पांढरं आहे हे मी वाचलं. थांब जरा. मार्च उजाडला की त्याच डोक्यावर तपकिरी टोपी चढते. टोपी चढली की समजायचं, पाहुणा निघाला.

राहण्याचं विचारलंस. लोक त्याला समुद्राचं पाखरू म्हणतात, मीही म्हणायचो. नोव्हेंबर लागला की आमच्या बोटीभोवती पांढरी जत्रा असायची. बंदर, खाडी, कोळ्यांचे बंदरगाव, मासळीचा बाजार, जिथं खारं पाणी आणि माणसाचा पसारा तिथं कुरव. पण बोटीवर आमचे एक सर्व्हेवाले साहेब होते, दुर्बीण घेऊन फिरणारे. त्यांनी मला सांगितलं की याचं घर समुद्रावर नाहीच. ते लडाख-तिबेटाच्या उंच तळ्यांकाठी. तिथं उन्हाळ्यात अंडी घालायची, पोरं उडती करायची, आणि पाणी गोठायला लागलं की खाली उतरायचं. खाली येताना मोठी नदी लागली, मोठा तलाव लागला, तर तिथंच मुक्काम. तेव्हा तापीवर तुम्ही समुद्र बांधला आणि त्यानं तो वरून पाहिला, एवढंच झालं. रतनलालजी मानसरोवर म्हणाले त्यात फारसे चुकले नाहीत. हंस म्हणाले तेवढं चुकलं.

आता खाणं. ठसठशीत अक्षरात लिहितो. मासे खातो. कोळंबी, किडे, अळ्या, गांडुळं खातो. जाळ्यातून फेकलेली आतडी खातो, मेलेलं खातो, अर्धमेलं खातो. जहाजाच्या स्वयंपाक्यानं फेकलेली शिळी चपाती, भात, बटाट्याची सालं, सगळं खातो. एकदा माझ्या हातातला पाव घेऊन गेला आणि वर बसून माझ्याकडेच बघत खाल्ला. शेव तर त्याला फार आवडते. शेव खातो म्हणून मासे खात नाही हा तुझा तर्क मी दोनदा वाचला. ज्या माणसानं आंतरकॉलेज वादविवादात ढाल आणली त्याचा हा तर्क.

एक गोष्ट खरी, त्याला खोल बुडी मारता येत नाही. वरवरचं, काठावरचं टिपतो.

आणि मास्तर, ज्ञान मागताना कोणी उत्तर सोबत जोडून पाठवत नाही. तू काय करून बसलायस ते लिही.

झुलाल


नवे बोरखार
३ जानेवारी १९९०

झुलाल,

तुझं पत्र मी उभ्यानं वाचायला घेतलं आणि "मासे खातो" इथं बसलो.

आता सांगतोच. गेल्या वर्षी गावातल्या भोई कुटुंबांची आम्ही मच्छीमार सोसायटी उभी केली. पावसाळ्यात धरणात पन्नास हजार बोटुकली सोडली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं, कटल्याची आणि रोहूची. डिसेंबरात वीतभर मासळी दिसायला हवी होती. जाळी रिकामी येतात. नदीची बारीक मासळी येते, कटला नाही, रोहू नाही. सोसायटीची पंचवीस घरं या एका हंगामावर टेकून आहेत. ती घाबरली आहेत, आणि पाण्याकडे बघितलं की समोर काय दिसतं? पांढरी पाखरं.

चेअरमन छगननं सरळ हिशेब मांडला. चाळीस पाखरं, रोज दहा-दहा मासे, दोन महिने. मग तो म्हणाला, पिकावर मारायचं औषध शेवेत कालवू, पाखरं शेवेला हेळलेलीच आहेत, एका सकाळीत काम होईल. रतनलालजींनी ज्या हातानं भरवलं त्याच शेवेत विष. माझ्या अंगाची आग झाली.

१७ डिसेंबरला शाळेच्या पटांगणात सभा झाली. दोन बाकं जोडून व्यासपीठ केलं होतं. मी दीड तास बोललो. तू ऐकायला हवं होतंस. जगात कुठंकुठं उपऱ्यावर चोरीचा आळ घेतला गेला ते सांगितलं. पुराव्याशिवाय शिक्षा देणारं गाव स्वतःच गुन्हेगार ठरतं, हे सांगितलं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. तेवढ्यात छगन मधेच म्हणाला, "मास्तर, तुम्ही बोलू राह्यले आन् तिकडे पाखरं खाऊ राह्यले."

लोक हसले. माझ्या भाषणात लोक हसले, झुलाल. मी हात वर करून म्हणालो, "या पाखराच्या पोटात एक मासा निघाला, तर सुकदेव मास्तर पुन्हा व्यासपीठावर पाय ठेवणार नाही." कडाडून टाळी पडली. सभा ४ फेब्रुवारीपर्यंत तहकूब झाली. तेव्हा विषाचा ठराव मताला टाकायचा, तोवर पाखराला हात लावायचा नाही, असं ठरलं.

दोन दिवसांनी मी तुला पत्र लिहिलं. निव्वळ जिज्ञासा म्हणून.

आता तू एक कर. नवीन पत्र लिही, सभेत वाचण्याजोगं. माहिती सगळी तीच ठेव. लडाख, तिबेट, तपकिरी टोपी, शिळी चपाती, बटाट्याची सालं. फक्त "मासे खातो" हे दोन शब्द गाळ. मी तुला खोटं लिही म्हणत नाही. तू एक गोष्ट विसरलास, एवढंच. पाखरांचे जीव वाचतील आणि माझं व्यासपीठही राहील. चाळीस वर्षांत मी दुसरं काही कमावलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे.

सुकदेव


धुळे
९ जानेवारी १९९०

मास्तर,

नाही लिहिणार.

पत्र वाचून बायको म्हणाली, भाऊजींना एवढं तरी द्या लिहून. मी तिला सांगितलं, हा माणूस एकोणीसशे एकोणपन्नास साली माझ्याशी सहा महिने बोलला नव्हता, कारण मी खाणावळीच्या वहीत एक जेवण कमी लिहिलं होतं. त्याला आज मी खोटं लिहून दिलं तर पुढच्या वर्षी तो माझ्यावरच भाषण करील.

तू पाखराचा वकील झालास, पण अशिलाला एकदाही काही विचारलं नाहीस. वकिलानं आधी दोन गोष्टी पाहाव्यात. पोट आणि पंचांग.

पोटात काय आहे? मासा असेल, पण कोणता मासा? कटल्याचं पिल्लू, की नदीतली बारकी मासळी? तुला ते ओळखता येणार नाही आणि छगनलाही नाही, तो चेअरमन झाल्यापासून होडीत बसत नसावा. ज्याच्या हातून रोज मासळी जाते अशा माणसाला विचार.

पंचांग असं. बोटुकली कोणत्या तारखेला सोडली? धरणाचे दरवाजे कधी बंद झाले? जाळी रिकामी यायला कधी लागली? आणि कुरव कधी आला? चार तारखा एका कागदावर लिही आणि मला पाठव.

मासे खातो म्हणून तो चोर ठरत नाही. गळ्यात माळ नसलेली माणसंही मासे खातात. तुझ्या सोसायटीची पंचवीस घरं त्यावरच तर जगतात.

झुलाल


नवे बोरखार
२० जानेवारी १९९०

झुलाल,

पोटाचा निकाल लागला. मी हरलो. सविस्तर लिहितो, कारण असा प्रसंग पुन्हा दिसणार नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी एक कुरव जाळ्यात पाय अडकून बुडाला. कोणी मारला नाही, आपला आपण मेला. तो झुंबरबाईच्या जाळ्यात सापडला. झुंबरबाई म्हणजे सोसायटीतली एकटी होडी चालवणारी बाई. नवरा वारला, तेव्हापासून तीच जाळं टाकते, तीच ओढते. माहेर शिरपूरकडचं, म्हणून बोलणं तुझ्याकडचं. आमचे लोक तिला त्यावरून चिडवतात आणि ती त्यांना त्याच बोलीत अशी उत्तरं देते की पुन्हा कोणी नाव काढत नाही.

तिनं पाखरू आणून शाळेच्या ओट्यावर ठेवलं. अर्ध्या तासात गाव जमलं. छगन आला, रतनलालजी आले, ते तोंडाला रुमाल लावून दूर उभे राहिले. झुंबरबाईनं मासळी कापायचा विळा धुतला, पोट उघडलं आणि आत होतं ते एकेक काढून दगडावर ओळीनं मांडलं. घाई नाही, बडबड नाही. एवढ्या माणसांसमोर कोणी इतकं शांतपणे काही मांडताना मी पाहिलं नव्हतं.

भुंगे चार. नाकतोड्यांच्या तंगड्या ढीगभर. काठच्या गव्हाला पाणी दिलं की ही पाखरं तिथं उतरतात, ते आम्ही पाहिलं होतंच. एक झिंगा. शेवेचा पिवळा गोळा. आणि मासे सात.

सात, झुलाल. मी एकाची पैज मारली होती.

पोरांनी ओरडा केला. छगननं माझ्याकडे पाहून मिशीवर हात फिरवला. झुंबरबाईनं मात्र एकेक मासा उजेडात धरला, खवले बघितले, तोंड उघडून बघितलं. मग म्हणाली, "हाई नदीनं शे बठ्ठं. कटला एक बी नही." हे सगळं नदीचं आहे, कोणी न सोडलेलं, बाजारात कोणी न घेणारं. छगन म्हणाला, मासा तो मासा. आणि माझी प्रतिज्ञा तशीच होती. मी कटला म्हणालो नव्हतो.

रतनलालजींचं मला वाईट वाटत होतं. मी त्यांच्याजवळ गेलो. हंस नाही, शाकाहारी नाही, सगळंच गेलं. त्यांनी रुमाल काढला आणि म्हणाले, "मास्तरजी, मी शेव टाकतो ती त्याला भूक लागते म्हणून. तो जैन आहे म्हणून नाही." दुसऱ्या सकाळी पुडी घेऊन हजर होते. मी चाळीस वर्षं दयेवर बोललो आहे, असं वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

तेव्हा आता मी मोकळा झालो. व्यासपीठ सुटलं. ४ तारखेच्या सभेला मी जाणार नाही, प्रतिज्ञा आडवी येते. लोक काय ठरवायचं ते ठरवोत. खरं सांगू, एक प्रकारे बरंच वाटतं आहे. घसाही बसला होता. घरी बसून वाचन करीन.

दरवाज्यांच्या तारखा मिळाल्या नाहीत. सणाची सुट्टी होती.

सुकदेव


धुळे
२५ जानेवारी १९९०

मास्तर,

सुट्टी संपली असेल.

तुझा सगळा पत्रव्यवहार मी ट्रंकेत ठेवतो, हे तू विसरलास. आज ट्रंक उघडली. वर तुमच्या सोसायटीची छापील पत्रिका सापडली. मत्स्यबीज सोडण्याचा समारंभ, १५ ऑगस्ट १९८९, प्रमुख वक्ते सुकदेव मास्तर. तिच्याखाली तुझं २२ ऑगस्टचं पत्र. त्यातल्या चार ओळी तुलाच परत पाठवतो.

"समारंभ अपूर्व झाला. धरणाचे सगळे दरवाजे उघडे होते आणि पाण्याचा असा गडगडाट होता की मला तासभर ओरडून बोलावं लागलं. झुंबरबाई म्हणून एक बाई सारखी मधे येत होती की दरवाजे लागल्यावर सोडू, दसऱ्यापर्यंत थांबू. पण स्वातंत्र्यदिन वर्षातून एकदाच येतो, मी तिला समजावलं."

पन्नास हजार बोटुकली आणि सगळे दरवाजे उघडे. मी गाळ उपसणारा माणूस, पाणी कुठून कुठं जातं एवढंच मला कळतं. तुमचा कटला एव्हाना जळगाव जिल्हा ओलांडून सारंगखेड्यापर्यंत आला असेल. म्हणजे आमच्या धुळे जिल्ह्यात. आभारी आहे.

कुरव दिवाळीनंतर आला, हे तूच लिहिलंस. तो तिबेटातून खाली उतरत होता तेव्हा तुमची मासळी गेलेली होती.

हे तुला कधी कळलं ते मी विचारत नाही. प्रतिज्ञा आडवी येते म्हणून घरी बसणार आहेस, तर बस. ४ तारखेला शेव कालवतील. पाखरं ती आनंदानं झेलतील.

झुलाल


नवे बोरखार
६ फेब्रुवारी १९९०

झुलाल,

तुझं पत्र २९ तारखेला मिळालं. त्या दिवशी मी तुला मनात जेवढी नावं ठेवली तेवढी कोणत्याही विरोधकाला ठेवली नसतील. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, तुम्ही तीन दिवसांत कोणाशी भांडला नाहीत, डॉक्टरला दाखवू का?

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. मला कळलं ते तुझ्या ९ तारखेच्या पत्रानंतर, चार तारखा कागदावर लिहिल्या तेव्हा. त्यासाठी कुठल्या ऑफिसात जायची गरज नव्हती. तो गडगडाट माझ्या कानात होताच. मी कागद उशाखाली ठेवला. मग पोटातून सात मासे निघाले आणि मला सुटल्यासारखं झालं. एक चूक मान्य करून दुसरी झाकता येत होती, आणि वर प्रतिज्ञा पाळणारा माणूस म्हणून नाव राहत होतं. मी मनात त्या निवृत्तीचं भाषणही तयार केलं होतं. मन काय काय करतं, बघ.

सभेला गेलो. पटांगण भरलं होतं. छगन बाकांवर बसला होता, शेजारी औषधाचा डबा आणि शेवेची गोणी. रतनलालजी फाटकापाशी उभे होते. सोसायटीचे सभासद नसल्यानं त्यांना आत बोलता येत नव्हतं. छगननं ठराव वाचला आणि हात वर करायला सांगणार तेवढ्यात मी उभा राहिलो. कोणीतरी म्हणालं, मास्तरची प्रतिज्ञा. मी म्हणालो, प्रतिज्ञा व्यासपीठाची आहे, जमिनीची नाही, मी खालूनच बोलतो.

भाषण असं काही झालं नाही. पहिल्या दोन वाक्यांत मी जगातले दाखले द्यायला लागलो होतो. मग समोर झुंबरबाई दिसली, आणि ते दाखले मी सोडून दिले. मी म्हणालो, "बोटुकली पाखरांनी खाल्ली नाही. ती मी उघड्या दरवाज्यांसमोर सोडायला लावली, भाषणासाठी. ही बाई थांबा म्हणत होती. मी तिला बसवलं."

छगन म्हणाला, "मंग दोन महिने काय बोलू राह्यले व्हते तुम्ही?" पण बोलता बोलता त्याचाही चेहरा पडला, कारण १५ ऑगस्टला माझ्या गळ्यात हार त्यानंच घातला होता आणि पहिलं भांडंही त्यानंच ओतलं होतं. माझी चूक उघडी पडली की त्याचीही पडते. पाखरं दोषी असलेली आम्हां दोघांनाही बरी होती, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मी वकील आणि तो फिर्यादी, आणि खरे आरोपी दोघंही.

झुंबरबाईनं बसूनच एक वाक्य टाकलं. "दसराले जायं रिकामं निंघनं. पाखरं दिवायी व्हयनी मंग उनात." जाळं दसऱ्यालाच रिकामं आलं होतं, पाखरं दिवाळीनंतर आली. मी विचारलं, अक्का, मग हे आधी का बोलली नाहीस? ती म्हणाली, "कोन्ही इचारं नही."

झुलाल, मी चाळीस वर्षं लोकांना सांगतो आहे की प्रश्न विचारा.

मग हात मोजले. विषाच्या बाजूनं तीन वर आले. त्यातल्या एकानं आजूबाजूला पाहून कानाला खाजवलं. ठराव पडला. छगननं स्वतः औषधाचा डबा उचलून बाकाखाली सारला. दुसरा ठराव झुंबरबाईचा होता. पुढच्या वर्षी बोटुकली दरवाजे बंद झाल्यावरच सोडायची, आणि त्या दिवशी भाषण ठेवायचं नाही. लोक पोट धरून हसले. हात सगळेच वर गेले, पहिला माझा होता. या हंगामाचं काय करायचं त्यावरही बोलणं झालं. धरणाच्या वरच्या अंगाला, पाणी संथ असतं तिथं, थोडी बोटुकली अडून राहिली असेल असं ती म्हणते. कालपासून तिकडे जाळी टाकून बघताहेत. काल एका होडीला दोन कटले लागले. दोनच, पण हातभर.

शेवेची गोणी रतनलालजींनी स्कूटरवर घातली. दोन महिने पुरेल म्हणाले. मी त्यांना सांगितलं, पुरायला हवी, मार्च उजाडला की डोक्यावर टोपी चढते आणि पाहुणे निघतात. त्यांनी हे इतक्या आदरानं ऐकलं की मला लाज वाटली. मी सांगून टाकलं, हे ज्ञान धुळ्याचं आहे.

एवढंच लिहून पत्र संपवणार होतो, पण तुझ्यापासून आता काही राखून ठेवायचं नाही.

सभेत मी माझी चूक बोललो आणि सवयीनं थांबलो. वाक्य संपलं की टाळीसाठी जेवढं थांबायचं असतं, तेवढं. टाळी आली नाही. शिवीही आली नाही. चारशे माणसं नुसती बघत होती आणि मला कळेना की आता कुठं जायचं. आजवर बोलणं संपलं की मागं खुर्ची असे. या वेळी मागं बाकं होती आणि त्यांवर चढता येत नव्हतं. बायकांच्या रांगेत झुंबरबाई गोणपाट अंथरून बसली होती. तिनं हातानं ते झटकलं, थोडी बाजूला सरकली आणि म्हणाली, "बसा आठे."

मी बसलो.

सुकदेव